शिल्पकारातली ती दीर्घिका

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की मला शिसारी यायला लागते. जगाला या दिवसांत हुरूप येतो. कपाटातून डांबरगोळ्यांच्या वासाचे स्वेटर निघतात, मंडईत मटारचे ढीग लागतात, आणि जो तो ‘यंदा थंडी बरी पडली हं’ असं, जणू ती आपणच पाडली अशा थाटात सांगत सुटतो. पडू दे. मी संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला दक्षिणेकडच्या खिडकीचा पडदा ओढून घेते आणि तिच्याकडे पाठ करून बसते. त्याचाही उपयोग नसतो. समोरच्या इमारतीवर आता हलत्या चित्रांची जाहिरात आहे. तिचा उजेड पडद्यातून आत येतो आणि माझ्या भिंतीवर आधी हिरवा, मग निळा, मग कुठल्यातरी गृहप्रकल्पाचा गुलाबी डाग फिरत राहतो. या वयात घरबसल्या एवढी करमणूक कोण करतं? फुकट आहे, तक्रार करू नये.

मागच्या आठवड्यात मानसीनं, माझ्या मुलीनं, परदेशातून फोनवर एक चित्र पाठवलं. ‘‘आई, ही तुझी ती गॅलेक्सी ना? सो प्रिटी!’’ मी चष्मा लावून बघितलं. जांभळा, केशरी, मध्ये पिवळा. लग्नसराईत दुकानदार गिऱ्हाइकासमोर साड्या भिरकावतो तसा नुसता रंगांचा पसारा. खाली नाव मात्र बरोबर होतं. शिल्पकार तारकासमूहातली सर्पिल दीर्घिका. मी तिला उत्तरादाखल अंगठा पाठवला. अंगठ्याचं एक बरं असतं, काही बोलावं लागत नाही.

‘तुझी ती’ म्हणे! मी ती दीर्घिका आयुष्यात पाहिलेली नाही. मार्गशीर्षात दिवेलागणीनंतर ती आमच्या दक्षिणेला, धड डोक्यावरही नाही आणि धड क्षितिजावरही नाही अशी मध्यावर असते. अब्जावधी तारे आणि धूळ यांचा तो एक भोवरा, आपल्याला कडेनं, तिरका दिसणारा. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. बेताच्या दुर्बिणीतून दिसते, पण तीही बिनरंगाची, ओल्या फडक्यानं फळा पुसल्यावर राहतो तसा एक लांबट पांढुरका फराटा. तिच्यापासून निघालेला उजेड इथं पोचायला कोटीभर वर्षं लागतात. तो निघाला तेव्हा माणूस नावाचा प्राणीच नव्हता. म्हणजे तेव्हा सोसायट्या नव्हत्या, सेक्रेटरी नव्हते, काय सुख असेल!

मी कर्वेनगरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. मुलांना भिंगं आणि लंबक काढून द्यायचे, संध्याकाळी मोजून परत ठेवायचे. आमचे बाबा कारखान्यात फिटर. छपन्न साली दीक्षा घेऊन आले आणि आल्या आल्या घरातला देव्हारा काढून तिथं पुस्तकांची फळी ठोकली. त्यांचं एकच सांगणं असे, ‘‘डोळ्यांनी बघितलंस तर मान. नाही बघितलंस तर विचार.’’ त्या वाक्याच्या जोरावर मी आकाश बघायला लागले. लोक म्हणत, गायकवाडबाईंना नाही ते वेड. असेल. ग्रहशांतीला रांगा लावणाऱ्यांपेक्षा ते बरं.

मला स्वतःची दुर्बीण हवी होती आणि विकतची परवडत नव्हती. म्हणून मानसी बारावीला गेली त्या पावसाळ्यात मी दुर्बिणीचा सहा इंची आरसा घासायला घेतला, आणि घासायला शिकवलं उस्मानभाईंनी.

उस्मानभाईंचं नारायण पेठेत चष्म्याच्या काचा घासायचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्यानं श्वास आवरून उभं राहायचं. तीन पिढ्यांचं काम. शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांमधल्या निम्म्या नाकांवर त्यांच्या काचा होत्या, आणि ती नाकं तेवढ्यावरही पुरेशी वर असत. त्यांच्या समोरच नवं दुकान झालं होतं, वातानुकूलित, ‘एका तासात चष्मा’. ती वर्षंच तशी होती. पुण्यात दर तिसऱ्या पाटीवर ‘कॉम्प्युटर’ लिहिलेलं असायचं. झेरॉक्सवाला कॉम्प्युटराइज्ड, ज्योतिषी कॉम्प्युटराइज्ड. समोरच्या दुकानात डोळे तपासणंही कॉम्प्युटराइज्ड होतं. उस्मानभाई एकदा आत जाऊन सगळं बघून आले. मी विचारलं, ‘‘कसं आहे हो मशीन?’’

‘‘चांगलंय बाई. झटपट काम. फक्त त्याला ऐकू येत नाही.’’

ते बोलणं मला आरसा घासताना समजलं. काचेच्या दोन जाड चकत्या असतात. एक पिंपावर घट्ट बसवायची, तिच्यावर कुरुंद दगडाची ओली पूड टाकायची, दुसरी तिच्यावर ठेवून पुढे-मागे घासायची आणि घासता घासता पिंपाभोवती चालत राहायचं. वरची काच हळूहळू खोलगट होते. तोच आरसा. आधी जाड पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी पिठासारखी. उस्मानभाई स्टुलावर डोळे मिटून बसायचे आणि नुसता आवाज ऐकायचे. पूड ताजी असली की खसखस, झिजली की नुसती सळसळ. ‘‘झाली. धुवा,’’ ते म्हणायचे.

पूड बदलायचा दिवस म्हणजे त्यांच्याकडे सणच. सगळं दुकान धुऊन काढायचं, ओट्यावरचे जुने कागद फेकायचे, स्वतः नखं कापून, अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून यायचं. मलाही बजावलेलं असायचं, ‘‘बाई, कालची साडी नको. पदराला दाणा चिकटतो.’’ जाड पुडीचा एक कण बारीक पुडीत गेला की काचेवर ओरखडा उमटतो आणि मागचं सगळं घासणं मातीत जातं. ‘‘एक दाणा पुरतो,’’ ते म्हणायचे.

आणि मी शहाणी, एका पूड-बदलाच्या दिवशी कॉलेजातून उशीर झाला म्हणून तीच आदल्या दिवशीची साडी नेसून गेले. पदर खोचलाय, काही होत नाही, असं स्वतःला सांगितलं. घासायला लागून चार फेऱ्या झाल्या नसतील, उस्मानभाईंनी डोळे उघडले. ‘‘थांबा!’’ मला काहीसुद्धा ऐकू आलं नव्हतं. काच उचलली तर मधोमध केसाएवढी रेघ. मला वाटलं, आता हा माणूस मला हाकलणार. त्यांनी माझ्या पदराकडे बघितलं, काच धुतली आणि म्हणाले, ‘‘पुन्हा.’’ एवढंच. तीन आठवडे मागं गेलो आम्ही.

या सगळ्याचे ते काही घेत नव्हते. मी दोनदा विषय काढला, दोनदा त्यांनी उडवून लावला. तिसऱ्यांदा म्हणाले, ‘‘द्यायचंच असेल तर एक द्या. ती शिल्पकारातली मला दाखवा.’’

आकाशाचा नकाशा मीच त्यांना दाखवला होता. शिकारी, राजा, राणी, घोडा, तिमिंगल, एकेक नाव सांगताना शिल्पकार म्हटल्यावर त्यांनी बोट ठेवून मला थांबवलं. ‘‘म्हणजे हातानं काम करणाराही एक जण वर आहे? मला वाटलं, तिथंही सगळे साहेबच बसलेत.’’ त्या समूहात डोळ्यात भरणारा तारा एकही नाही. आहे ती ही दीर्घिका. कशी दिसते, विचारलं तर मी पुस्तकात वाचलेलं ठोकून दिलं, ‘‘तिरकी धरलेली चांदीची ताटली.’’ त्यांना ते फार आवडलं. घासता घासता मध्येच विचारायचे, ‘‘काय बाई, ताटली काय म्हणते?’’

पण त्यांची घाई निराळी होती. त्यांना काचबिंदू होता. एक डोळा गेलेला, दुसऱ्याची नजर कडेकडेनं मिटत चाललेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उन्हाळ्यापर्यंत निभावलं तर नशीब. आयुष्यभर पेठेला दिसावं म्हणून काचा घासल्या त्या माणसाला, आणि हे. मला राग यायचा. त्यांना यायचा नाही. ‘‘नळीतून बघितल्यासारखं दिसतं आता. एका अर्थी दुर्बिणीची सवयच होतेय,’’ असं म्हणून स्वतःच हसायचे.

म्हणजे त्यांच्याकडे एकच हिवाळा होता. अशी पुसट वस्तू बघायची तर चंद्र नको, म्हणजे अमावास्येच्या आसपासचे चार-पाच दिवस. दिवाळीच्या अमावास्येला आरसा तयार नव्हता, माझ्या त्या पदरामुळे. तसाही फटाक्यांचा धूर होताच. कार्तिकातल्या अमावास्येला आरशावर मुलामा चढून आला, नळीत बसला, आणि कुठल्याशा समुद्रात कमी दाबाचा पट्टा होऊन आठवडाभर आभाळ भरून राहिलं. राहिली मार्गशीर्षातली अमावास्या. त्यानंतर ती दीर्घिका पश्चिमेकडे, शहराच्या उजेडात बुडून जाते ती पुढच्या हिवाळ्यापर्यंत. पुढचा हिवाळा मला होता.

जागा ठरलेली होती, बिबवेवाडीला आमच्या सोसायटीची गच्ची. तेव्हा आमच्या दक्षिणेला फारशी वस्ती नव्हती, डोंगराकडचं आभाळ काळंकुट्ट असायचं. आणि मी सोसायटीची सेक्रेटरी होते. कुणी व्हायला तयार नसलं की बाईला करतात, तशी. सह्या करायच्या आणि पाण्याच्या टँकरवरून शिव्या खायच्या.

त्याच दिवसांत एक गृहस्थ आले. कमरेला पेजर, हातात ब्रीफकेस, तोंडात ‘मॅडम’. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एका संस्थेचा जाहिरातफलक आमच्या गच्चीवर लावायचा होता, टाकीच्या बाजूला, दोन्ही अंगांनी, चौकातूनही दिसावा आणि वरच्या वस्तीतूनही. बदल्यात ते इमारतीची गळती थांबवून रंग देणार होते. कमिटी एका पायावर तयार. मी विचारलं, ‘‘दिवे असतील का हो त्याला? मार्गशीर्षातल्या अमावास्येला मला गच्चीवर काळोख हवाय.’’

‘‘असणार ना मॅडम. पण लाइट जानेवारीत. अमावास्या म्हणताय ना तुमची? त्यानंतरच. शंभर टक्के.’’ आणि मग चहाचा कप खाली ठेवत, ‘‘मानसीताई बारावीला ना? आमच्या नव्या बॅचला किती गर्दी आहे कल्पना आहे तुम्हाला. पण सेक्रेटरींच्या घरातल्यांसाठी साहेब एक सीट ठेवतात. फीही निम्मी.’’

लाच असा शब्द कुणी उच्चारला नाही. ती अशी चहा पिऊन, पोरीची चौकशी करून येते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. खरं सांगू? ठाऊक होतं. बघितल्याशिवाय मानायचं नाही म्हणणाऱ्या बापाची मी लेक, त्या गृहस्थाचं ‘शंभर टक्के’ मी लिहूनसुद्धा घेतलं नाही. सही केली. मानसीला त्या संस्थेत सीट मिळतेय, एवढंच उस्मानभाईंना सांगितलं, फलकाचं नाही. शी! आजही बँकेत सही करायची वेळ आली की मी कागद तीनदा वाचते.

अमावास्येच्या दोन दिवस आधी दिवे लागले. हॅलोजनची रांग वरून, रांग खालून. ‘एकविसाव्या शतकासाठी तयार आहात?’ अशी गच्चीएवढी अक्षरं. सगळे खाली जमून माना वर करून बघत होते, पोरं नाचत होती, तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले, ‘‘आता बिबवेवाडी सुधारली.’’ मी फोन केला. ‘‘मॅडम, साहेबांनी नवीन वर्षाची बॅच अलीकडे घेतली. आता पहिले चार दिवस बंद पडता कामा नये, साहेब स्वतः चौकातून बघून जातात. आणि सोमवारी मानसीताईंचा फॉर्म त्यांच्याच टेबलावर आहे, आठवण आहे मला.’’

टाकीखाली लोखंडी पेटीत त्या दिव्यांचा स्विच होता. आग-बिग लागली तर असावी म्हणून पेटीची एक किल्ली सेक्रेटरीकडे दिलेली होती. माझ्या जुडग्यात, गच्चीच्या किल्लीशेजारी.

तो रविवार होता. उस्मानभाई रिक्षा करून आले. पूड बदलायच्या दिवशी यायचे तसे, नखं कापून, धुतलेला सदरा, वर विणलेली बंडी. चार मजले जिना चढले. मी दार उघडलं, जुडगं त्यांच्या हातात दिलं आणि दोन्ही हातांनी दुर्बीण उचलून बाहेर नेली. गच्चीवर लख्ख दिवस होता. आमच्या सावल्या कठड्यापर्यंत गेल्या होत्या. हॅलोजनभोवती किडे भणभणत होते आणि तापलेल्या पत्र्याचा करपट वास येत होता.

उस्मानभाई जुडगं मुठीत धरून उभे राहिले. मग म्हणाले, ‘‘हा मालवता नाही का येत?’’

‘‘नाही हो. कंपनीचा आहे. आपल्या हातात नाही.’’

हे वाक्य मी म्हटलं. मीच. इतकं सहज म्हटलं की जीभ अडखळलीसुद्धा नाही.

तिमिंगलाच्या शेपटीचा तारा त्या उजेडातही दिसत होता. तो धरून मी दुर्बीण खाली उतरवली, जिथं ती असायला हवी तिथं नेमकी आणली. माझा हात चुकला नव्हता, एवढं मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. उस्मानभाईंनी टोपी मागं सारली, चांगला डोळा भिंगाला लावला आणि बराच वेळ हलले नाहीत. मी त्यांच्या डोक्यावर शाल धरून उभी होते, उजेड अडावा म्हणून. माझे हात भरून आले.

‘‘दिसली,’’ ते म्हणाले.

‘‘खरंच?’’

‘‘हो तर. तिरकी धरलेली चांदीची ताटली. अगदी तुम्ही म्हणाला होता तश्शी.’’

ते बाजूला झाले आणि मी डोळा लावला. आत नुसता गढूळ, दुधात हळद टाकल्यासारखा उजेड. टिकल्यांएवढे दोन-तीन तारे. बाकी काही नाही. कोटीभर वर्षं तो प्रकाश चालत आला होता, वाटेत कुठं अडला नाही, कशानं विझला नाही, आणि शेवटच्या चाळीस फुटांत, बिबवेवाडीत, माझ्या सहीखाली येऊन मेला. मी डोळा काढला आणि म्हटलं, ‘‘हो, दिसतेय की!’’ बाबा असते तर त्यांनी माझ्या मुस्काटात मारली असती.

एप्रिलमध्ये त्यांची नजर गेली. दुकान मुलानं काढून टाकलं. एकदा, एकदाच, मी त्यांना भेटायला गेले. त्यांनी सुनेला हाक मारली, ‘‘चहा टाक गं, गायकवाडबाई आल्यात. यांनी मला कोटी वर्षांपूर्वीचा उजेड दाखवलाय.’’ आणि त्या बिचारीला सगळं सविस्तर सांगितलं, ताटली, तिरकी, चांदीची. ती कौतुकानं माझ्याकडे बघत होती. मी बिस्किट बशीत परत ठेवलं. त्यानंतर मी गेले नाही. ते गेल्याचं तीन वर्षांनी कळलं.

लोक सुचवतात, गाडी आहे, पोरगी पैसे पाठवते, शंभर मैल लांब जा, काळोख आहे तिथं, बघून या एकदा तुमची दीर्घिका. जाता येईल की. पण बघू कुठल्या तोंडानं? आरसा माळ्यावर गोणपाटात आहे. उस्मानभाईंच्या कानांनी घडवलेला, एकही ओरखडा नसलेला. मानसी त्या सीटवरून पुढं कुठल्या कुठं गेली, चांगली माणसं जोडून आहे, आईला विसरली नाही. तिचा यात काय दोष? तिला यातलं काहीच ठाऊक नाही. ठाऊक फक्त मला होतं.

निदान त्या रात्री आम्ही गच्चीवरून खाली उतरायला लागेपर्यंत माझी अशी समजूत होती.

गच्चीवर एवढा झगझगाट, आणि जिन्यातला बल्ब महिनाभर गेलेला. तो बदलणं सेक्रेटरीचं काम. दुर्बीण वरच ठेवून मी उस्मानभाईंचा हात धरला. ते दुसऱ्या हातानं भिंत चाचपत, एकेक पायरी पायानं शोधत उतरत होते. पहिल्या वळणावर ते थांबले आणि त्यांनी जुडगं माझ्या हातात ठेवलं. नुसतं ठेवलं नाही. गच्चीची किल्ली वेगळी करून, तिच्या शेजारची, दिव्यांच्या पेटीची किल्ली माझ्या बोटांत दिली. तिच्यावर त्या संस्थेचा प्लास्टिकचा बिल्ला होता, ठसठशीत उठावाच्या अक्षरांचा. काचेवरचा केसाएवढा ओरखडा बोटानं वाचणारा माणूस तो. सगळा वेळ ती किल्ली त्यांच्या मुठीत होती.

‘‘बाई,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘मानसीच्या ॲडमिशनचं नक्की झालं ना?’’

‘‘सोमवारी होईल,’’ मी म्हटलं.

‘‘होऊ दे. पोरीचं काम आधी,’’ असं म्हणून त्यांनी माझा हात पुन्हा धरला आणि पुढची पायरी शोधायला पाय खाली सोडला.